पायरीखालच्या चपला

सत्तावीस वर्षं मी परक्या माणसांना माझं गाव दाखवतोय. जर्मनांना दाखवून झालं, चिन्यांना झालं, एकदा तर एक आंधळा गृहस्थ आला होता, त्यालाही भिंतींवरून हात फिरवत गाव दाखवलं. पण त्या बुधवारी बी रायाला घेऊन निघालो तेव्हा जेवढा घाबरलो तेवढा आधी कधी घाबरलो नव्हतो.

बी राया म्हणजे माझ्या झुहुराच्या होणाऱ्या नवऱ्याची आई. पेंबा बेटावरची बाई. लवंगांची बाग आहे, दोन मुलगे आहेत, बोलणं मोजकं आणि बघणं फार. आदल्या दिवशी बोटीने आली, बहिणीकडे उतरली आणि निरोप पाठवला: उद्या चारच्या बोटीने परत जायचंय, त्याआधी जरा झांझिबार हिंडू, नवरीचं लाल वस्त्र, कांगा, घेऊ, आणि झुहुराने ज्या दरवाजाबद्दल सांगितलं तो बघू.

दरवाजाचं नाव ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता लपवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकतो. हुरुमझीच्या गल्लीत एक दरवाजा आहे. दोन पुरुष उंच, चौकटीला कोरलेली साखळी, खाली मासे, वर खजुराची पानं, आणि फळ्यांवर मुठीएवढी पितळी टोकं. सत्तावीस वर्षांपूर्वी एका गोऱ्या बाईने मला त्याच्यासमोर विचारलं, तुझे आजोबा काय करायचे? मी तरुण होतो, नवा होतो, तोंडात आलं ते बोललो: हा दरवाजा त्यांनीच कोरला. बाईने तोंडावर हात ठेवला. बाकीच्यांनी माझेच फोटो काढले. झालं. दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशी थोडं वाढवलं. आधी आजोबांना कोरायला तीन वर्षं लागली होती, मग पाच, अलीकडे सात लागतात. त्यांचं नाव ठेवलं उस्ताद अथुमानी. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात ना, तसं.

माझ्या आजोबांचं नाव फेरुझी होतं. सहा-सात वर्षांचा पोर असताना त्याला मुख्य भूमीवरून चोरून होडीत घालून आणलं आणि याच घराला विकलं. पुढे गुलामी संपली, पण फेरुझी कुठे जाणार? त्याच दारावर राहिला. त्याने काही कोरलं नाही. तो दरवाजा पुसायचा. त्याच्यामागून माझा बाप जुमा पुसायचा, आणि मी सात वर्षांचा असल्यापासून दर शुक्रवारी लिंबाच्या फोडी आणि राख घेऊन बापाबरोबर जायचो, पितळ घासायला. आमच्या किनाऱ्यावर माणसं सोयरीक जुळवताना आधी हेच विचारतात, कोणाचे कोण. तोंडावर कोणी काही म्हणत नाही. चहा देतात, गोड बोलतात, आणि मग निरोप येतो की मुलाचा विचार बदलला. माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न असंच मोडलं. म्हणून कागदावरसुद्धा मी नाव लिहितो ते मकामे जुमा. तिथेच थांबतो, पुढे जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

झुहुराला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली, घरात आम्ही दोघंच. तिने पेंब्याला जाऊन आपल्या बापाच्या थापा खऱ्या समजून सांगितल्या असणार, असं मी धरून चाललो.

खरी भीती दरवाजाची नव्हती, दरवाजामागच्या म्हातारीची होती. बी थुवैबा. त्या घरातली शेवटची. नव्वदीला टेकलेली, पण कान असे की गल्लीत मांजर चाललं तर कोणाचं ते सांगेल. सत्तावीस वर्षं वरच्या खिडकीत बसून तिने माझी कथा ऐकली आणि एक अक्षर बोलली नाही. फक्त मी "सात वर्षं" म्हटलं की वरून खोकला यायचा.

ही म्हातारी दुपारची नमाज झाली की जेवते आणि एक वाजता झोपते. म्हणजे मला एकच करायचं होतं, बी रायाला एकपर्यंत बाजारात अडकवून ठेवायचं. लग्नाची खरेदी करणारी बाई, दहा वाजता बाजारात सोडली तर एकला काय, तीनला बाहेर येणार नाही. मी निर्धास्त नव्हतो, पण हिशेब बरोबर वाटत होता.

पहिला फटका समुद्रावरच बसला. फोरोधानीच्या बागेपाशी उभं राहून मी सवयीने सुरू केलं, "हा समोर जुना किल्ला, याच्या भिंती..."

"किल्ला मी शाळेत असताना पाहिलाय," बी राया म्हणाली. "तुमच्या आजोबांचं सांगा."

झुहुरा हातातली वेताची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. सकाळपासून पोरगी गप्प होती. मला वाटलं, सासू आहे म्हणून लाजतेय.

"आजोबा ना," मी म्हणालो. "मोठा कारागीर माणूस. उस्ताद अथुमानी. लांबून लोक यायचे."

"कुठले ते मूळचे?"

"मूळचे... लामूकडचे."

"लामूत कोणत्या मोहल्ल्यातले? माझी मावशी लामूत दिलीय."

बुडत्याचा पाय खोलात. मी म्हणालो, आजोबा लहानपणीच इकडे आले, मोहल्ल्याचं काही ठाऊक नाही. यातलं निम्मं तरी खरं होतं.

"बाबा, ऊन चढलंय," झुहुरा मध्येच म्हणाली. "उसाचा रस घेऊ या. तुम्ही पण जरा बोलायचं थांबा."

रस घेतला, आलं-लिंबू घालून. बी राया अर्धा पेला प्यायली आणि उरलेला तिने झुहुराला दिला. ते बघून मला बरं वाटलं. उष्टं देते म्हणजे आपलं मानते, असं मनाशी म्हणालो आणि लगेच भीती वाटली की आता हेच जाणार.

मासूदच्या दुकानात शिरलो. मासूद माझा शाळेतला दोस्त. पाहुणे आणले की भाव दीडपट सांगतो आणि मला नंतर चहा पाजतो. त्या दिवशी मी डोळ्यांनीच दटावलं, आज नाही. त्याने वीस-पंचवीस कांगे फडाफडा उलगडून बाकावर टाकले. बी रायाने एकच उचलला. लाल, काळा आणि पांढरा, नवरीचा. बोटांत धरून सूत पाहिलं, काठ पाहिला, उजेडात नेला. झुहुराच्या खांद्यावर ठेवून पाहिला. मग नीट घडी घातली आणि खाली ठेवला.

"बघू," ती म्हणाली.

अत्तराच्या दुकानात तीन कुप्या हुंगल्या. बघू. पितळेच्या कॉफीदाण्या बघितल्या, टिचकी मारून आवाज ऐकला. बघू. दाराजानीच्या बाजारात तर तिने माझ्या मसालेवाल्यालाच लवंगा कशा वाळवायच्या ते शिकवलं. सव्वाअकरा वाजले होते आणि या बाईच्या हातात एक पुडी नव्हती. जिला पोराचं लग्न करायचंय ती बाई "बघू" म्हणेल का? हिला काहीतरी कुणकुण लागलीय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"झालं की," ती म्हणाली. "आता दरवाजा."

"नेतो की. इथेच आहे. जवळच."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गावात मुद्दाम रस्ता चुकलो. डावीकडे वळलो, मशिदीच्या मागून गेलो, विहिरीला वळसा घातला, एका मेलेल्या व्यापाऱ्याच्या घराची दहा मिनिटं कथा लावली. स्कूटरवाले हॉर्न देत अंगावरून जात होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"व्याही," बी राया शांतपणे म्हणाली, "ती निळी खिडकी मी तिसऱ्यांदा बघतेय."

व्याही म्हणाली. त्या शब्दाने मला गुदगुल्याही झाल्या आणि भीतीही वाटली. पुढे आणखी वळसा घालायची छाती झाली नाही.

पावणेबाराला आम्ही दरवाजासमोर उभे होतो. गल्लीत कोणी नव्हतं. वरची खिडकी अर्धी उघडी. मी आवाज खाली घेतला, अगदी आजाऱ्याजवळ बोलावं तसा.

"तर हा दरवाजा. आधी दरवाजा बसवायचा, मग त्याच्याभोवती घर बांधायचं, अशी तेव्हाची रीत. माझ्या आजोबांनी यावर सात..."

वरून खोकला आला.

"बाबा," झुहुरा म्हणाली. "राहू दे ना."

"सात वर्षं," मी वाक्य पुरं केलं. आता अर्ध्यात सोडलं तर आणखी वाईट दिसेल असं वाटलं. बी राया पुढे झाली आणि तिने एका पितळी टोकावर तळवा ठेवला. ते टोक माझ्या ओळखीचं होतं. खालून तिसरं, जरा वाकडं. लहानपणी माझा हात तिथपर्यंतच पोचायचा.

तेवढ्यात आतून कडी वाजली.

दरवाजा उघडला. बी थुवैबा स्वतः खाली उतरली होती. काठी टेकत, पांढरी ओढणी, डोळ्यांत मोतीबिंदू. दहा वर्षांत मी तिला जमिनीवर उभी पाहिली नव्हती.

"पाहुणे आहेत वाटतं," ती म्हणाली. "दारात काय उभं करतोस, मकामे? कॉफी ठेवलीय. आत आण."

बी रायाने सलाम केला, दोन पायऱ्या चढली आणि उंबऱ्याच्या आत जाऊन, जिथे सगळे पाहुणे काढतात तिथे, आपल्या चपला काढल्या. झुहुरा तिच्यामागे गेली. आणि मी?

मी गल्लीत उभा होतो. पायरीच्या खाली. अनवाणी. माझ्या चपला भिंतीला लावून, टाचा घराकडे करून, नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. कधी काढल्या ते मलाच कळलं नाही. बापाने शिकवलं होतं तसंच झालं होतं. आपण पायरीखाली काढायच्या, मकामे, वर ती त्यांची जागा. पन्नास वर्षं मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, गेली सत्तावीस वर्षं तर नुसता बाहेरून खोटं बोलत होतो, आणि म्हातारीने एकदा "आत आण" म्हटल्याबरोबर माझे पाय सात वर्षांचे झाले.

बी राया वळली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली चपलांकडे. पेंब्याची बाई ती. अशा पायऱ्या आणि अशा चपला काय तिने पाहिल्या नसतील? एखाद्या जर्मनाला काही कळलं नसतं. तिला एका नजरेत सगळं वाचता आलं.

मग ती वळली. आत गेली.

कॉफी मला गोड लागली की कडू ते आठवत नाही. मी देवडीतल्या खालच्या बाकावर बसलो होतो, म्हातारी बी रायाला लवंगांचा भाव विचारत होती. दरवाजाचं नाव कोणी काढलं नाही. मला वाटत होतं की कोणीतरी काढावं आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. झुहुरा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संपलं, मी मनाशी म्हणालो. पोरीचं लग्न माझ्या पायांनी मोडलं.

निघताना मी आणखी एक मूर्खपणा केला. बी राया माझ्या मागेच होती. तिच्यादेखत पायरीखाली वाकून चपला चढवायच्या म्हणजे पुन्हा एकदा कबुली द्यायची. ते काही मला जमेना. मी मान ताठ ठेवली, चपलांकडे पाहिलंच नाही आणि तसाच अनवाणी चालू लागलो, जणू मी रोज असाच हिंडतो. माघारी तोच पितळेचा बाजार होता आणि भर दुपारी तापलेला दगड. चार पावलांतच तळवे भाजायला लागले.

"मकामे, चपला कुठे रे?" पितळवाल्याने विचारलं.

"मशिदीत चोरीला गेल्या."

"नमाजेची बांग व्हायचीय अजून. कोणती मशीद?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. रसवाला हसला. मासूद दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "काय रे, मुलीच्या लग्नात चपलासुद्धा विकल्यास का?" एरवी मी त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी सावलीसावलीने पाय टाकत मी धक्क्याकडे चाललो होतो. कधी एकदा चार वाजतात, बोट सुटते आणि ही बाई जाते. मग निरोप येईल, मुलाचा विचार बदलला. मग झुहुराला काय सांगायचं, एवढाच प्रश्न उरणार होता.

बी रायाने वाटेत काही घेतलं नाही. बघू सुद्धा म्हणाली नाही.

धक्क्याच्या पायऱ्यांवर बदामाच्या झाडाची सावली होती. ती तिथे बसली. मलाही बसायला सांगितलं. समोर होड्या हलत होत्या, पाणी पार उतरलेलं, चिखलाचा वास.

"तुमच्या आजोबांचं नाव काय म्हणालात?" तिने विचारलं. आजोबांबद्दलचा सकाळपासूनचा चौथा प्रश्न.

उस्ताद अथुमानी हे शब्द तोंडात तयार होते, रोजचेच होते. बाहेर येईनात.

झुहुराने मांडीवरची वेताची पिशवी उघडली. आतून माझ्या चपला काढल्या आणि माझ्या पायांपाशी ठेवल्या, जोडीने. ती त्या दारापासून घेऊन हिंडत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय. पहिल्याच दिवशी, मागणी यायच्या आधी. माझे पणजोबा त्या दारावर होते, फेरुझी नाव त्यांचं."

"तुला कोणी सांगितलं?"

"आजोबांनी. तुम्ही पाहुणे घेऊन हिंडत असायचा तेव्हा. मला घेऊन जायचे ना ते पितळ घासायला. बाबांना सांगू नकोस म्हणाले, त्याला वाईट वाटतं."

मी सत्तावीस वर्षं जे पोरीपासून लपवलं, ते माझ्या बापाने तिच्या हातात लिंबाच्या फोडी देऊन केव्हाच सांगून टाकलं होतं. आणि दोघांनी मिळून माझीच लाज राखली होती. मला रडू आलं. आलं ते आलं, धक्क्यावर माणसं होती तरी आलं.

बी रायाने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पेंब्यात आम्ही कोणाच्या आजोबाला फार खोदत नाही, व्याही. प्रत्येकाच्या लवंगेच्या झाडाखाली कोणी ना कोणी वाकलेलं असतंच, एक तर आपला नाही तर आपण विकत घेतलेला. पोरीने खरं सांगितलं म्हणून मला ती आवडली. पण निकाहाला तुम्ही बसणार. इतक्या लोकांसमोर, अल्लाच्या नावाने, ही कोणाची कोण ते तुम्ही सांगणार. तिथे जर तुम्ही त्या अथुमानीला आणून बसवलंत, तर माझी नातवंडं कोणासाठी दुवा मागतील? जो माणूस नव्हताच त्याच्यासाठी? मी सकाळपासून वाट बघतेय, हा माणूस आता सांगेल, मग सांगेल. शेवटी तुमचे पाय बोलले. पण पायांवर लग्न ठरवता येत नाही मला. तोंडाने सांगा."

झुहुरा खाली बघत होती. तेव्हा मला समजलं, पोरगी दिवसभर लाजत नव्हती. ती माझ्यासारखीच घाबरलेली होती, फक्त तिला वेगळ्या गोष्टीची भीती होती.

"झुहुरा," मी म्हणालो. पर्यटकांसमोर मी कधी अडखळत नाही. "झुहुरा, मकामेची मुलगी. मकामे जुमाचा. जुमा फेरुझीचा. फेरुझी... त्याच्या बापाचं नाव कोणाला माहीत नाही. होडीत घालून आणला होता तेव्हा विचारलं नाही कोणी."

"बरं," बी राया म्हणाली आणि उठली. "बोटीला अजून वेळ आहे. तो लाल कांगा घेऊन टाकू. मला आवडलाय तो, पण तुमचा तो दोस्त भाव जास्त सांगतो. तुम्ही बोला त्याच्याशी."

मी चपला घालायला गेलो तर तळव्यांना फोड आलेले. चपलेचं चामडं लागलं की जीव जात होता. झुहुराने चपला पुन्हा पिशवीत टाकल्या आणि माझा हात धरला. तसाच अनवाणी, लंगडत, मी मासूदच्या दुकानात चढलो.

"अजून अनवाणीच?" मासूद म्हणाला. "खरं सांग, कुठे सोडल्यास चपला?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, सगळी गावातलीच, सगळी मला ओळखणारी.

"बी थुवैबाच्या पायरीखाली काढल्या होत्या," मी म्हणालो. "माझा आजोबा तिथेच काढायचा. आता तो लाल कांगा दाखव, आणि भाव नीट सांग."